काचेच्या बैलाचा अर्थ

भैरूअण्णा ढमढेरे यांच्या कांद्याच्या वावरात आता काचेची उंचच उंच इमारत उभी आहे. सकाळी गळ्यात पट्टे अडकवलेली मुलंमुली तिच्यात शिरतात आणि संध्याकाळी मान मोडल्यासारखी बाहेर पडतात. एकदा अण्णा सहज पाय मोकळे करत तिच्या फाटकापाशी गेले, तर रखवालदाराने अडवलं.

"किसको मिलना है?"

"विहिरीला," अण्णा म्हणाले.

रखवालदाराने समोरचं रजिस्टर दोनदा वरखाली चाळलं आणि अगदी अदबीनं सांगितलं, "विहिरी साब आज आये नहीं."

अण्णा परत आले. विहीर पार्किंगच्या खाली गेलेली आहे हे त्यांना माहीत होतं. तरी कुणीतरी चौकशी करायला हवी, असं त्यांना वाटायचं.

पुण्यालगतच्या खराडीतल्या पुष्कळांचं झालं तसंच अण्णांचं झालं होतं. जमीन गेली, तिच्या जागी गावठाणाच्या कडेला पाच मजली इमारत आली, इमारतीला बायकोच्या नावावरून 'मुक्ताई हाइट्स' असं नाव पडलं, आणि अण्णांना काम उरलं नाही. पूर्वी ते बैलांचे जाणकार म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले. शर्यतीचा बैल घ्यायचा तर माणसं आधी अण्णांना घेऊन जायची. अण्णा बैलाभोवती एक चक्कर मारायचे, शेपटीकडे बघायचे आणि "न्या" किंवा "राहू द्या" एवढंच म्हणायचे. आता ते इमारतीच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या भाडेकरूंच्या चालीकडे बघायचे. कुणाला काही म्हणायचे नाहीत. पण मनातल्या मनात 'न्या' आणि 'राहू द्या' चालूच असायचं.

मुक्ताबाईंचं तसं नव्हतं. त्यांची भिशी होती, गच्चीवर पापड होते, दोन रस्त्यांपलीकडे राहणाऱ्या लेकीचे, शेफालीचे, दिवसातून चार फोन होते. बोलायच्या त्या कमी. पण जेवढं बोलायच्या तेवढं समोरच्याला दिवसभर पुरायचं.

अशात वरच्या मजल्यावर सुदर्शन राहायला आला. वर्ध्याकडचा, किडकिडीत, दाढीवाला मुलगा. कंपनीत नेमकं काय करतोस, असं अण्णांनी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने नीट समजावून सांगितलं. दोन्ही वेळा अण्णांनी मान डोलावली आणि तो विषय सोडून दिला.

पुढच्याच रविवारी, दुपारच्या झोपेच्या वेळेला, दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाताई खाली आल्या. त्या शाळेत संस्कृत शिकवायच्या आणि मूळच्या नारायण पेठेतल्या असल्यामुळे तक्रारसुद्धा शुद्ध करायच्या.

"अहो अण्णा, वर काहीतरी पडतंय," त्या म्हणाल्या. "आणि पडायचं थांबत नाहीये."

अण्णा मिशीवरून हात फिरवत वर गेले. दार उघडंच होतं. आत सुदर्शन गिटार घेऊन उभा होता, एक मुलगा पेटीसारखं पण बिनभात्याचं काहीतरी वाजवत होता, आणि सृष्टी नावाची एक नाजूक दिसणारी मुलगी ड्रम असे बडवत होती की जणू त्यांनी तिच्या घरच्यांचं काही वाकडं केलं असावं. अण्णा दारात उभे राहिले. वाजवणं थांबलं. अण्णांनी बोलायला तोंड उघडलं, आणि वाजवणं परत सुरू झालं. अण्णांनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने सगळं शांत झालं. अण्णांनी घसा खाकरला, तेवढ्यात सृष्टीने थाळी वाजवली आणि सुदर्शन डोळे मिटून गायला लागला.

*काचेचा बैल निघाला नांगराविना,*
*पोटात दिसते त्याच्या कालची वैरण.*
*सावलीला त्याच्या शिंगं नाहीत,*
*तरी माणसं बाजूला होतात.*

अण्णा जे बोलायला आले होते ते त्यांच्या डोक्यातून साफ गेलं. कोपऱ्यात बसायचा एक वेताचा मोडा होता, त्यावर ते बसले. गाणं पुढे गेलं. त्यात एक उभं तळं आलं, आडवा चंद्र आला, बैल परत एकदा आला, मग बराच वेळ कुणीच काही म्हटलं नाही, नुसतंच वाजवलं. माणूस जेवून, हात धुऊन, पान खाऊन परत येईल एवढा वेळ गेला.

"संपलं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही काका. हा दुसरा भाग. पाच आहेत." सुदर्शन कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "आवाज फार होतोय का? आम्ही बंद करतो."

"आवाजाचं नंतर बघू," अण्णा म्हणाले. "बैल कुनाचा?"

सुदर्शनला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याने गिटार खाली ठेवली.

गेली कित्येक वर्षं तो गाणी लिहीत होता. ऐकणाऱ्यांनी आजवर सृष्टीच्या हाताचं कौतुक केलं होतं, पेटीवाल्या पोराच्या बोटांचं केलं होतं, एकदा तर कुणीतरी सुदर्शनच्या टी-शर्टचं केलं होतं. शब्दांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्याच्या आईने वर्ध्याला फोनवर अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "बाळा, जेवतोस ना नीट?"

"काका, याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात," तो घाईघाईने सांगायला लागला. "यात गाणं एका जागी थांबत नाही. चाल बदलते, ताल बदलतो, गोष्ट पुढे पुढे जाते."

"मंग तो बैल परत का येतो?"

"पुढे जाऊनच परत येतो."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजे रिंगरोड," ते म्हणाले.

खाली आल्यावर पद्मजाताई जिन्यातच उभ्या होत्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, "ताई, काही पडत नव्हतं. बैल चालत होता."

"मग त्याला खाली बांधा," पद्मजाताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

अण्णांनी त्या गाण्याचे शब्द मोबाईलवर मागवून घेतले आणि त्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीला काम मिळालं. सकाळी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. बैल पारखायचा म्हणजे त्याच्याभोवती चक्कर मारायची. ओळीभोवतीही ते तशीच चक्कर मारायचे. पहिल्या आठवड्यात त्यांचं ठाम मत झालं की काचेचा बैल म्हणजे त्यांच्या वावरातली इमारत. पोटात दिसणारी वैरण म्हणजे गळ्यात पट्टेवाली पोरं. हे त्यांनी केस कापताना न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याने कात्री थांबवून ऐकलं, आणि त्या भानगडीत अण्णांचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर गेला.

दुसऱ्या आठवड्यात बैल म्हणजे महानगरपालिका झाली. तिसऱ्या आठवड्यात एका साखरपुड्यात पंगतीला बसले असताना त्यांना एकदम वाटलं, की आपला जावई तर नव्हे? माणूस मोठा, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. नुसता आला तरी माणसं सरकून जागा देतात. हे त्यांनी शेजारच्या पाहुण्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. जिलबी यायच्या आत ते पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं.

संध्याकाळी शेफालीचा फोन आला. "आई, अण्णा माझ्या नवऱ्याला बैल म्हणाले?"

"काचेचा म्हणाले," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्यातल्या त्यात बरं."

एक ओळ मात्र अण्णांना काही केल्या वश होईना. चौथ्या भागात होती ती. *मी पायऱ्या पितो, तहान चढते.* अण्णा ती ओळ घोळवत झोपायचे आणि घोळवत उठायचे. शेवटी त्यांनी ठरवलं की बसून कळत नाही तर करून बघावं. लिफ्ट चालू असताना ते पाण्याची बाटली घेऊन जिन्याने निघाले. प्रत्येक पायरीवर एक घोट. दुसऱ्या मजल्यावर बाटली संपली आणि दमही संपला. पद्मजाताईंनी दार उघडून बघितलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"अर्धं," अण्णा धापा टाकत म्हणाले.

दर रविवारी ते वर जाऊन मोड्यावर बसू लागले. सुदर्शनला आधी आभाळ ठेंगणं झालं होतं, पण हळूहळू त्याची पंचाईत व्हायला लागली. अण्णा एकेका शब्दावर अडायचे. चंद्र आडवा का? कुणी पाडला? तळं उभं आहे तर पाणी सांडत कसं नाही? सुदर्शनने एकदा "काका, ते असंच आहे, फील घ्या" म्हणून बघितलं. त्यावर अण्णा म्हणाले, "असंच म्हणून कुनी बैल उभा करतं का?" त्या आठवड्यात सुदर्शनने पहिल्यांदाच स्वतःचं गाणं नीट वाचून काढलं, आणि सृष्टीला म्हणाला, "यार, यातल्या निम्म्या ओळी मलाच कळत नाहीयेत."

"बाकीच्या निम्म्या कळतात?" सृष्टीने विचारलं. तिला खरंच उत्सुकता होती.

मग अण्णांचा वाढदिवस आला. दरवर्षी गल्लीतलं मंडळ चौकात फ्लेक्स लावायचं. अण्णांचा गॉगल लावलेला फोटो, मागे वाघ, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. यंदा अण्णांनी मंडळाच्या पोरांना बजावलं की वाघ नको, शुभेच्छा नकोत. गॉगल राहू द्या, पण शेजारी मी सांगतो तो मजकूर घाला.

फ्लेक्स लागला. पाच पावलांवर सिग्नल असल्यामुळे तो वाचल्यावाचून कुणाची सुटका नव्हती. गॉगलमधले अण्णा आणि त्यांच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत: *सावलीला त्याच्या शिंगं नाहीत, तरी माणसं बाजूला होतात.* खाली नुसतं 'भैरूअण्णा'.

सिग्नल सुटला तरी दुचाकीवाले हलेनात. चहाच्या टपरीवर गट पडले. कुणी म्हणालं, अण्णा निवडणुकीला उभे राहतायत. कुणी म्हणालं, छे, हा टोमणा आहे. टोमणा म्हटल्यावर तो कुणाला, हे ठरवणं आलं. आणि समोरच्याच बाजूला बजरंगदादांचा फ्लेक्स होता. बजरंगदादा गेली कित्येक वर्षं भावी नगरसेवक होते. त्यांचा फ्लेक्स एवढा मोठा होता की दुपारी त्याच्या सावलीत अख्खा रिक्षा स्टँड बसायचा. सावली हा शब्द वाचून लोकांनी मान वळवून तिकडे बघितलं आणि सगळ्यांना एकदम अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या गाडीतून बजरंगदादा स्वतः आले. बरोबर पांढऱ्या शर्टातले तिघं. दादा वाकून अण्णांच्या पाया पडले. तिथले रिवाज तसे आहेत. मग शेजारची खुर्ची ओढून बसले.

"अण्णा, माझं काही चुकलं असंल तर तोंडावर सांगा," ते म्हणाले. "चौकात कशाला? मला शिंगं नाहीत म्हंजे काय? कार्यकर्त्यांत चुकीचा मेसेज जातोय."

अण्णांचा चेहरा उजळला. इतके दिवस ते लोकांना धरून धरून सांगत होते. आज एक माणूस आपल्या पायाने अर्थ विचारायला आला होता.

"दादा, बसा निवांत," ते म्हणाले. "ही दुसरी कडी झाली. पहिल्यापास्नं घेऊ."

आणि अण्णांनी पहिल्यापासून घेतलं. इमारत सांगितली, महानगरपालिका सांगितली, जावयाबद्दलचं मत आपण मागे घेतलं आहे हेही सांगितलं. दोनदा चहा झाला. पांढऱ्या शर्टांपैकी एक जण भिंतीला टेकून पेंगायला लागला. बजरंगदादा मध्ये मध्ये "पण अण्णा, मी यात कुठं येतो?" असं विचारत होते, आणि अण्णा "येताल, येताल, पाचव्या भागात जागा हाय" असं म्हणून त्यांना धीर देत होते. शेवटी दादांनी हात जोडले आणि म्हणाले, ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारू.

सगळे वर गेले. सुदर्शनने दार उघडलं. समोर चार पांढरे शर्ट बघून त्याच्या हातातला दात घासायचा ब्रश तसाच राहिला.

"काचेचा बैल कोण?" बजरंगदादांनी विचारलं.

"मी," सुदर्शन म्हणाला.

मग त्याने घाबरून खरं काय ते सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी त्याला भयंकर ॲसिडिटी झाली होती. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पोटात कॅमेरा सोडला. उपाशीपोटी या म्हणून सांगितलं होतं, पण याने आदल्या रात्री उशिरा पोहे हाणले होते. पडद्यावर ते दिसले. डॉक्टर म्हणाले, हे बघा, कालचे पोहे. तिथे टेबलावर आडवं पडल्या पडल्या त्याला वाटलं, आपण काचेचे आहोत. घरी आल्यावर त्याने ते लिहून काढलं. पोहे चालीत बसेनात, म्हणून वैरण केली. वैरण आली म्हणून बैल आला.

"आणि सावली? माणसं बाजूला होतात ती?" दादांनी विचारलं.

"तिथली नर्स 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' म्हणत माझं स्ट्रेचर नेत होती."

बजरंगदादांनी आपल्या पोटावरून हळूच हात फिरवला. "कुठले डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "मला पण लग्नसराईत लय जळजळ होते." त्यावर दोघांचं बराच वेळ ॲसिडिटीवर बोलणं झालं. जाताना दादा इतके मोकळे झाले होते की त्यांनी सुदर्शनला आपल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात गायचं निमंत्रण देऊन टाकलं. महिलांसाठी खेळ, बक्षीस पैठणी, आणि आता मध्यंतरात गाणं.

या सगळ्यात अण्णा कधी खाली गेले ते कुणालाच कळलं नाही. जेवायला बसले तरी त्यांचं ताटाकडे लक्ष नव्हतं.

"काय झालं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"बैल नव्हताच," अण्णा म्हणाले. "पोहे होते."

मुक्ताबाईंनी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं आणि पुढे काही विचारलं नाही. अण्णांना वाटत होतं, आपण एवढ्या लोकांना धरून सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, जावयाला दुखावलं, आणि आत होतं काय, तर एका पोराचे न पचलेले पोहे. दोन दिवस ते खुर्चीवर बसले, पण मोबाईल काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरता भरता ते एकदम थांबले.

"अगं," ते आत ओरडले. "बैलाला इचारून कुनी बैल पारखतं का?"

"नाही," आतून उत्तर आलं.

"मंग त्या पोराला काय कळतंय?"

एवढं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पाचव्या भागाला हात घातला.

हळदीकुंकवाचा कार्यक्रम मंदिरासमोरच्या पटांगणात होता. संध्याकाळची उन्हं उतरायच्या आतच खुर्च्या भरल्या. काठपदराच्या साड्या, गजरे, कडेवर पोरं. सुदर्शनने आजवर ज्यांच्यासमोर गाणं म्हटलं होतं ती सगळी काळे टी-शर्ट घालून डोळे मिटून उभी राहणारी मंडळी होती. इथे सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि त्याच्यावर लागलेले होते. पुढच्या रांगेत पद्मजाताई कानांत कापूस घालून तयारीनिशी बसल्या होत्या.

पहिला भाग बरा गेला. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरायचा प्रयत्न केला, पण सृष्टी दर थोड्या वेळाने ताल बदलत होती, त्यामुळे कुणाची टाळी कुणाला सापडेना. एक आजी तर सम शोधता शोधता उभ्याच राहिल्या. दुसऱ्या भागानंतर वाजवण्याचा लांबलचक तुकडा आला. तो संपला आणि सुदर्शनला तिसऱ्या भागाचा पहिला शब्द आठवेना. त्याने तोच तुकडा परत वाजवायची खूण केली. परत वाजवला. तरी आठवेना. मोबाईल घरी चार्जिंगला होता. त्याने डोळे मिटले आणि "हो हो हो" असं काहीतरी सुरू केलं.

हे "हो हो" गाण्यात नाही, हे समोर बसलेल्यांपैकी एकाच माणसाला माहीत होतं. अण्णा बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर चढले. त्यांनी बजरंगदादांच्या भाषणाचा माईक उचलला आणि तिसरा भाग सुरू केला. चाल त्यांना एकच येत होती, देवळातल्या भजनाची. *आरशाच्या गोठ्यात उगवली दावण, दोर कुणाचा, मान कुणाची* हे शब्द त्या चालीवर असे काही चपखल बसले की मागच्या रांगेतल्या बायकांनी आपसूक ओळ परत म्हटली. सृष्टीने एक क्षण काठ्या हवेत धरल्या, मग तिने सरळ भजनी ठेका धरला. तिचा चेहरा बघून वाटत होतं की तिला बऱ्याच महिन्यांनी सुट्टी मिळाली आहे. सुदर्शन अण्णांच्या मागून गायला लागला. चौथ्या भागापर्यंत त्याचे शब्द परत आले, पण अण्णा माईक सोडेनात, म्हणून दोघं मिळून शेवटापर्यंत गेले.

टाळ्या पडल्या. त्या गाण्याला की ते संपल्याला, हे सांगता येणार नाही. बजरंगदादांना मात्र एकदम स्फूर्ती आली. त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदा संगीतखुर्ची रद्द. जी माउली काचेच्या बैलाचा बरोबर अर्थ सांगेल तिला पैठणी.

हात भराभर वर झाले. शालूताई म्हणून अंडाभुर्जीची गाडी लावणाऱ्या बाई होत्या, त्यांना पहिला माईक मिळाला.

"फ्रीज," त्या म्हणाल्या. "दार उघडलं की कालची भाजी दिसती."

जोरदार टाळ्या झाल्या. एकीने सांगितलं की काचेचा बैल आमच्या टीव्हीखालच्या कपाटात आहे, महाबळेश्वरहून आणलाय, पाहिजे तर येऊन बघा. तिला वाटलं होतं की बैल दाखवला की झालं. पद्मजाताईंनी कानातला कापूस काढला आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या डोक्यावर चालणारा कोणताही प्राणी." यावर मुक्ताई हाइट्समधल्या तेवढ्या बायका हसल्या.

मग मुक्ताबाई उभ्या राहिल्या. त्या कधी माईकवर बोलल्या नव्हत्या. माईक त्यांनी पापडाच्या लाटण्यासारखा आडवा धरला.

"आमचे हे," त्या म्हणाल्या.

बजरंगदादा म्हणाले, "वहिनी, जरा उलगडून सांगा."

"आता काय उलगडायचं? आत काय चाललंय ते सगळं बाहेरून दिसतं. आणि नांगर नाही."

पटांगण खदखदून हसलं. अण्णा स्टेजवर माईक धरून उभे होते. लोक आपल्याकडे बघून हसतायत हे त्यांना कळत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मनातल्या मनात ओळीभोवती चक्कर मारत होते. एक चक्कर झाली, दुसरी झाली. कुठेही खोट सापडेना. त्यांनी सुदर्शनकडे बघितलं आणि माईकवरच म्हणाले, "न्या."

पैठणी मुक्ताबाईंना मिळाली. शालूताईंनी फ्रीजचा मुद्दा लावून धरल्यामुळे त्यांना उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा द्यावा लागला.

घरी चालत जाताना अण्णा दोन पावलं मागे होते. मुक्ताबाई पैठणीची पिशवी छातीशी धरून पुढे चालल्या होत्या.

"तुला कधी कळलं?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्याच रविवारी. तुम्ही वरून येऊन ओळ सांगितलीत ना, तेव्हा."

"मंग सांगितलं का न्हाय?"

"तुम्ही सांगत होता की सगळ्यांना. मधे कुठं बोलू?"

अण्णांनी दहा-बारा पावलं टाकली. "नांगराविना," ते म्हणाले. "म्हंजे वाईटच की गं."

"निघाला म्हणलंय ना त्यानं पुढं?" मुक्ताबाई म्हणाल्या. "बसला नाही म्हणलं."

अण्णांनी मान हलवली. त्या शब्दाकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. एवढे दिवस ते बैलाकडे आणि वैरणीकडेच बघत राहिले होते.

त्यानंतर रविवारी दुपारी दोघंही वर जायला लागले. मुक्ताबाईंसाठी सुदर्शनने दुसरा मोडा आणला. त्या पापड लाटत ऐकायच्या आणि एखादी ओळ पसंत पडली नाही तर लाटणं थांबवायच्या. तेवढ्यावरून सुदर्शन ती खोडायचा. पद्मजाताईंशी तह झाला आणि वाजवायची वेळ त्यांच्या शिकवणीच्या वेळेला बांधून दिली गेली. त्या म्हणाल्या, "बैल पाळा, पण वेळापत्रक लावा." बजरंगदादांनी अण्णांच्या फ्लेक्सशेजारी आपला नवा फ्लेक्स लावला, त्यावर *मी पायऱ्या पितो, तहान चढते* असं छापलं होतं. त्यावरून विरोधकांनी त्यांची दारूबंदीवरची भूमिका विचारली.

सुदर्शनने पावसाळा सरता सरता नवं गाणं लिहिलं, आधीच्यापेक्षाही लांब. त्यात बैल नव्हता. त्यात एक देवमासा होता, जो आपल्याच पाठीवर गाव वसवतो आणि मग बुडी मारायला लाजतो. अण्णा ऐकून अस्वस्थ झाले. बैलांबद्दल ते कुणाशीही दोन हात करायला तयार होते, पण देवमासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बिनपाहिलेल्या जनावराबद्दल मत द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

पुढच्याच आठवड्यात ते मुक्ताबाईंना घेऊन एसटीने दिवेआगरला गेले. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोघं वाळूत बसून समुद्राकडे बघत राहिले. मुक्ताबाई पैठणी नेसल्या होत्या आणि भिजू नये म्हणून त्यांनी ती गुडघ्यापर्यंत खोचली होती. कोळणीला विचारलं तर ती म्हणाली, देवमासा नाही, सुरमई आहे. सुरमई खाल्ली. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी किनाऱ्यावरूनच सुदर्शनला फोन लावला. मागे लाटांचा एवढा आवाज होता की अण्णांना ओरडावं लागत होतं.

"काय न्हाय दिसला," ते म्हणाले. "पन लाजतो म्हनलायस ते बरोबर हाय."

मुक्ताबाईंनी शेजारून काहीतरी सांगितलं.

"आनि ही म्हनती, गाव वसवताना त्यानं मोरीची सोय केली का, तेवढं बघून घे."

"बघतो, काका," सुदर्शन म्हणाला, आणि पेन शोधायला लागला.